जांभळ्या धाग्याची साक्ष

जुनी कापडं तपासून त्यांचा काळ ठरवणं हे माझं काम. पडद्यांची आणि सोफ्याची कापडं बनवणाऱ्या एका जुन्या घराण्याच्या कंपनीने वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी आपली सगळ्यात जुनी नमुनावही, म्हणजे विणलेल्या कापडांचे तुकडे चिकटवलेली वही, माझ्याकडे तपासायला दिली होती. मूळपुरुषाने स्वतः भरलेली पहिली वही, असं त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. स्थापनेचं साल 1850 च्या आधीचं, आणि तेच साल वहीच्या फोटोखाली छापलं जाणार होतं.

वहीतल्या एका जांभळ्या तुकड्याने मला थांबवलं. रेशीम आणि लोकर मिळून विणलेलं दमास्क, म्हणजे विणीतच नक्षी उठवलेलं कापड, तळहाताएवढं, आणि रंग विलक्षण टवटवीत. नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही, कारण दगडफुलाच्या काही जातींपासूनही फार पूर्वीपासून जांभळा रंग काढत असत. म्हणून जांभळ्याचा आणि शेजारच्या तांबड्याचा काही मिलिमीटर धागा प्रयोगशाळेत पाठवला होता. अहवाल आला त्या दिवशी सकाळीच कंपनीचे मालक आणि त्यांची थोरली बहीण माझ्याकडे येऊन बसले होते.

जांभळा रंग मॉव्हीन निघाला. 1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी क्विनाइन बनवायच्या खटपटीत होता, तेव्हा कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या रसायनातून हा रंग त्याच्या हाती लागला. उजेडात तो विटतो. त्या कापडाचे पडदे केव्हाच फिके पडले असतील. मिटलेल्या वहीत मात्र रंग टिकला. तांबड्यात पर्प्युरिन हे रंगद्रव्य सापडलं, म्हणजे तो मॅडर या मंजिष्ठेच्या जातीच्या झाडाच्या मुळांपासून काढलेला. मॅडरमधलंच मुख्य रंगद्रव्य, पण कारखान्यात बनलेलं अ‍ॅलिझरिन 1869 नंतर बाजारात आलं आणि मॅडरची शेती बसली, तरी मुळांचा रंग एका दिवसात बंद झाला नाही. त्यामुळे तांबड्यावरून वही 1860 च्या दशकातली वाटते एवढंच म्हणता येतं. 1856 च्या आधीची ती नाही, हे मात्र जांभळ्याने पक्कं केलं.

मालकांचा चेहरा उतरला. “तो तुकडा मागाहून चिकटवला असेल,” ते म्हणाले. शंका रास्त होती, म्हणून आम्ही तिघांनी मिळून पान पुन्हा पाहिलं. तुकड्याखाली दुसऱ्या कापडाचा मागमूस नव्हता. खळ शेजारच्या तुकड्यांसारखीच. समोरच्या पानावर त्याच आकाराचा फिका जांभळा डाग उतरला होता. नमुन्यांचे क्रमांकही एकाच हाताने, एकाच शाईत, मध्ये कुठे न तुटता लिहिलेले.

क्रमांक तपासताना मी पहिल्या पानावर गेले. तिथला पहिला आकडा होता 412.

मला खरा आनंद झाला तो इथे. स्मरणिकांमध्ये संस्थापकाची तैलचित्रं छापतात, कंपनी दिवसेंदिवस काय विणत होती ते छापत नाहीत. माझ्या लेखी कंपनीचा इतिहास म्हणजे हे आकडे. ही वही पहिली नव्हतीच! तिच्याआधी चारशे अकरा नमुने होऊन गेले होते, तेव्हा घराण्याने सांगितलेलं साल खोटं ठरत नव्हतं. त्याचा पुरावा दुसऱ्या वहीत असणार होता.

बहीण बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “वाटण्या झाल्या तेव्हा धाकट्या पातीकडे काही वह्या गेल्याचं आजी सांगायची. छापाचे ठोकळेही त्यांनीच नेले.”

दोन्ही पातींत बोलणं नव्हतं. तरी मालकांनी तिथेच पत्राचा कच्चा मसुदा करायला घेतला. “जुन्या वह्या” एवढंच मोघम लिहू नका, असं मी सुचवलं. त्यांनी ते शब्द खोडले आणि “नमुना क्रमांक 1 ते 411” असं लिहिलं. फोटोखालचं सालही त्यांनी आपल्या हाताने काटलं आणि छपाई महिनाभर पुढे ढकलायचा फोन केला.