बाई, तुमचं तत्त्वज्ञान काय?

ऑकलंडला बालशिक्षणाच्या पदविकेसाठी नाव घातलं तेव्हा बालविकास, निरीक्षणाच्या वह्या, प्रात्यक्षिकं हे सगळं असणार याची कल्पना होती. 'तुमचं स्वतःचं शिक्षणविषयक तत्त्वज्ञान एका पानात लिहा' असा गृहपाठ मिळेल असं मात्र वाटलं नव्हतं. आपल्याकडे तत्त्वज्ञान सांगायचं ते संतांनी नाहीतर प्राध्यापकांनी. बालवाडीच्या बाईंना ते कोण विचारतंय? इथे विचारतात. नोकरीच्या अर्जासोबतही अनेकदा हे पान मागतात आणि मुलाखतीत त्यावरूनच खोदून खोदून प्रश्न येतात.

त्यामागचं कारण अभ्यासक्रम उघडल्यावर कळलं. न्यूझीलंडचा बालशिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम, 'ते फारिकी', १९९६ साली आला आणि २०१७ मध्ये सुधारला गेला. मार्गारेट कार, हेलन मे आणि टिली व तामाती रीडी हे माओरी (इथल्या मूळ रहिवासी समाजातलं) दांपत्य यांनी तो घडवला. त्यात जूनमध्ये अमुक अक्षर, दिवाळीपर्यंत इतके अंक असलं काही नाही. स्वास्थ्य, आपलेपणा, सहभाग, संवाद आणि शोध अशा पाच धाग्यांवर सगळी मांडणी आहे. रोज नेमकं काय करायचं ते त्या त्या बालवाडीने ठरवायचं. पाठ्यपुस्तकाचा आधार नसला की बाईंना स्वतःचं काहीतरी मत असावंच लागतं.

माझं मत बनायला सुरुवात झाली ती सुतारकामाच्या टेबलापाशी. प्रात्यक्षिकाला जाते त्या बालवाडीच्या अंगणात ते आहे आणि त्यावरची हातोडी, करवत, खिळे, सगळं खरं आहे. चार वर्षांची एक मुलगी तिथे खिळा ठोकत होती. ठोकळा हलायचा, खिळा तिरपा जायचा. माझा हात आपोआप पुढे गेला, तशा मार्गदर्शक शिक्षिका हळूच म्हणाल्या, 'थांबू या, बघू काय करते.' मुलीने वाकलेला खिळा हातोडीच्या चिमट्याने उपटला. ठोकळा फिरवून पाहिला, मग टेबलाला लावलेल्या पकडीत घालून दांडा गच्च आवळला आणि पुन्हा ठोकायला घेतलं. पकड तिने इतका वेळ नुसती बघितली होती, वापरली नव्हती. मी मदत केली असती तर खिळा लवकर बसला असता, पण ती पकडीकडे वळलीच नसती.

हे सगळं मी तिच्या वहीत लिहिलं. गुण नाहीत, शेरा नाही. तू काय करत होतीस, कुठे अडलीस, मग काय केलंस, एवढंच. सोबत दोन फोटो. या पद्धतीला इथे 'लर्निंग स्टोरी' म्हणतात आणि तीही कार यांच्याच कामातून आली आहे. ही वही घरी जाते, आजी-आजोबांपर्यंत पोचते.

घरचे लोक आले की तत्त्वज्ञानाची खरी परीक्षा होते. एका मुलाच्या बाबांनी न्यायला आल्यावर मला मराठीत गाठलं. 'ताई, हातोडी वगैरे ठीक आहे हो, पण अक्षरं कधी घेणार? तिकडे पुण्यात ह्याच्याएवढी चुलतबहीण वाचायला लागली.' इथे मुलं साधारण पाचव्या वाढदिवसाच्या सुमाराला शाळेत दाखल होतात, त्याला जेमतेम काही महिने उरले होते. 'खेळातूनच शिक्षण' हे पुस्तकी उत्तर माझ्या जिभेवर होतं, पण ते त्यांच्या तोंडावर फेकणं बरं वाटेना. मी त्यांना नावांच्या फळ्यापाशी नेलं. मुलं सकाळी आली की आपल्या नावाची पट्टी शोधून तिथे लावतात. त्यांच्या लेकाने स्वतःची तर काढून दाखवलीच, दोन मित्रांच्याही ओळखल्या. बाबांचं पूर्ण समाधान झालं नाही. होऊही नये, परक्या देशात मूल मागे पडेल ही भीती पोकळ नाही. पालकांच्या घाईला हसायचं नाही, हे वाक्य त्या दिवशी माझ्या पानात आलं.

एका बाबतीत मात्र माझं वर्गातल्या बऱ्याच जणींशी जमत नाही. पाठांतर म्हटलं की त्या नाक मुरडतात. पण खाण्याआधी सगळी मुलं माओरी कराकिया म्हणतात, आपण पंगतीत श्लोक म्हणायचो तशीच, एका सुरात, तोंडपाठ. अर्थ कितीजणांना कळतो? तरी ती प्रार्थना त्यांची होते. मग पाढ्यांनीच काय घोडं मारलंय? मुद्दा घोकण्याचा नसून धाक दाखवण्याचा आहे, असं मी लिहिलं आणि ते तसंच ठेवलं.

'तुआकाना-तेइना' म्हणजे मोठ्या मुलाने धाकट्याला शिकवण्याची माओरी रीत. ती शिकल्यावर मी उत्साहाने आईला फोन लावला. आई जत तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेत होती. चार वर्ग, दोन शिक्षक. ती म्हणाली, 'अगं, चौथीची पोरं पहिलीला बसवल्याशिवाय माझी हजेरीसुद्धा व्हायची नाही.' नाइलाजाने केलेलं आणि विचाराने केलेलं यांत फरक आहेच, पण आईच्या त्या पोरांना शिकवता येत होतं हेही खरं.

माझ्या पानात पालघर जिल्ह्यातलं कोसबाडही आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसोबत ते कोसबाडला नेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. आमच्या प्राध्यापिकांना हे नवीन होतं. कुरणशाळेबद्दल त्यांनी समासात तीन प्रश्न लिहून पाठवले.

आता पुढचं प्रात्यक्षिक दोन वर्षांखालच्या मुलांच्या खोलीत आहे. तिथे पाच बाळांमागे एक मोठं माणूस लागतंच, तसा नियमच आहे, आणि दिवस जातो तो लंगोट, बाटल्या आणि झोपेच्या वेळा सांभाळण्यात. सुतारकामाच्या टेबलावर बेतलेलं माझं अर्धं पान तिथे कामाचं नाही. रडणाऱ्या बाळासमोर 'थांबू या, बघू काय करते' म्हणून कसं चालेल? तो परिच्छेद मी खोडलाय, नवा अजून सुचलेला नाही.