नांदूर मधमेश्वरचा काठ, हंगाम तिसरा: चिखल उघडला की पाहुणे उतरतात

निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वर अभयारण्यात पक्षी मोजायला एकच काठ धरायचा, असं यंदा आषाढातच ठरवलं होतं. चापडगावच्या बाजूचा, निरीक्षण मनोऱ्यापासून पाण्याकडेने साधारण दीड किलोमीटर. वेळही एकच, सूर्योदयापासून दोन तास. आधीचे दोन हंगाम आज खानगाव थडीचा काठ, उद्या भलतीकडेच असं फिरत राहिलो. यादी लांबत गेली, पण कोण कधी आलं आणि का आलं, याचा पत्ता त्या यादीतून लागेना.

कोकणातल्या मित्रांना एक सोय असते. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा चिखल उघडा करते आणि किनाऱ्यावरचे पक्षी त्या घड्याळावर चालतात. आपल्याकडे समुद्र नाही. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथला इंग्रजांच्या काळातला बंधारा, वर्षानुवर्षं साठलेला गाळ, आणि वरच्या गंगापूर-दारणा धरणांतून किती पाणी सुटलं, यावर आपली भरती-ओहोटी ठरते. फरक एवढाच की तिचं पंचांग छापून येत नाही. म्हणून यंदा पक्ष्यांच्या आधी पाणी मोजायला लागलो. काठावर एका जुन्या पंपघराच्या पाच पायऱ्या पाण्यात उतरतात. किती उघड्या आहेत, ते वहीत पहिल्या रकान्यात.

17 ऑगस्ट. पायऱ्या तीन. आभाळ भरलेलं, पाणी गढूळ. तुतारी म्हणजे चिखलात किडे वेचणारे छोटे किनारपक्षी: ठिपकेवाल्या तुतारी अकरा, हिरव्या तुतारी दोन. नव्यांसाठी थोडं थांबतो, कारण या दोघींत मीही वर्षभर अडखळलो. ठिपकेवालीची पांढरी भुवई डोळ्याच्या बरीच मागे जाते, पाठीवर ठिपके ठळक आणि पाय पिवळसर. हिरवीची भुवई डोळ्यापाशीच संपते आणि अंग गडद. उडाली की शंकाच उरत नाही: पंखाखालून हिरवी जवळजवळ काळी, कमरेवर लख्ख पांढरी. ठिपकेवाली उडताना ‘चिफ-चिफ-चिफ’ असा घाईचा आवाज टाकून जाते.

7 सप्टेंबर. पायऱ्या चार, आणि हंगामातली आतापर्यंतची सर्वांत सुंदर सकाळ. चिखलाची एक जीभ पाण्यात दूरवर गेलेली. तिच्या ओल्या कडेला छोटे टिलवे सुईसारखं टोचत पळताहेत, घोटाभर पाण्यात तुतारी, आणि त्यांच्याही पुढे पोटापर्यंत पाण्यात उभे चार काळ्या शेपटीचे पाणटिवळे, लांब चोच डोळ्यांपर्यंत गाळात खुपसून. कुणाची चोच केवढी, पाय केवढे, त्यावर त्याची जागा. पाणी वीतभर वर-खाली झालं तर ही सगळी पंगतच सरकते.

एक ठिपकेवाली तुतारी माझ्यापासून पंधरा पावलांवर आली. मी बाभळीला टेकून बसलेलो, हललो नाही. पाठीवरची पिसं कोरी, प्रत्येकावर बदामी ठिपक्यांची नीट किनार. ऑगस्टमधल्या पिसं झिजलेल्या होत्या, म्हणजे वीण उरकून आलेल्या मोठ्या. ही यंदाचं पिल्लू. या किनारपक्ष्यांत मोठे आधी निघतात, पिल्लं मागून येतात, आणि त्यातली बरीचशी आईबापांच्या सोबतीशिवाय. उत्तरेतल्या कुठल्याशा दलदलीत जून-जुलैमध्ये अंड्यातून निघालेला, मूठभर वजनाचा जीव निफाड तालुक्यातल्या चिखलात शेपूट वरखाली करत किडे वेचत होता. दुर्बीण खाली ठेवली आणि नुसता बघत बसलो. त्या अर्ध्या तासाची मोजणी वहीत नाही.

28 सप्टेंबर. पायऱ्या शून्य. हस्त लागला आणि पावसानं झोडपलं, वरून पाणी सुटलेलं. चिखल गेला, पायवाटही गेली. लांबूनच पाहिलं. तुतारी शून्य, टिलवे शून्य. बांधावर पिवळे धोबी मात्र वीस-बावीस. पूर्वी असा दिवस मी ‘फेरी वाया’ लिहून सोडून देत असे. यंदा शून्यही नोंदवलं, कारण चार पायऱ्यांच्या दिवसाला अर्थ येतो तो या शून्यामुळेच. जाळं आवरणारे एक काका म्हणाले, “भाऊ, पाणी उतरू द्या. तुमचे पक्षी कुठं जात नाहीत, वर सरकल्यात.” खरंच, परतताना सायखेड्याच्या अलीकडे पाणी साचलेल्या शेतात सात तुतारी दिसल्या.

12 ऑक्टोबर. पायऱ्या दोन. येताना द्राक्षबागांत छाटणीची धांदल. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला, मादी. पाणवनस्पतींवरून खाली-खाली तरंगत गेली आणि वारकरी पाणपक्ष्यांचा अख्खा थवा एका बाजूला गोळा झाला.

इथे एक दुरुस्ती. मागच्या सप्टेंबरात मी ‘चक्रांग, तीस’ अशी बदकांची नोंद केली होती. ती चूक होती, ती भुवई बदकं होती, आज खात्री पटली. शरदात भुवई बदकाच्या नरालाही पांढरी भुवई नसते, तो मादीसारखाच तपकिरी असतो. आज तसाच तपकिरी थवा भोवत्यानं उठवला आणि काही पंखांचा पुढचा भाग फिकट निळसर-राखाडी चमकला. ती खूण भुवई बदकाच्या नराची, विणीचा वेष उतरला तरी तो पंख तोच राहतो. जुना फोटो काढून पाहिला, तिथेही तोच रंग. वहीत तांबड्या शाईनं बदल केला, ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही केला. भुवई बदकं बहुतेक बदकांच्या आधी येतात, हे तेव्हा ध्यानात घेतलं असतं तरी शंका आली असती.

26 ऑक्टोबर. पायऱ्या चार. दिवाळी सरली, हवेत पहिला गारवा. तलवार बदकं साठेक, थापटे बदकं त्याहून जास्त, चक्रवाकांच्या दोन जोड्या. चिखलावर टिलवे परत, पण 7 सप्टेंबरच्या निम्मेही नाहीत. पाणी तेवढंच आणि पक्षी कमी, म्हणजे पायऱ्यांनी सगळं सुटत नाही. बरेच टिलवे इथे फक्त थांबून पुढे जात असावेत, असं मला वाटतं. पुढच्या वर्षी सप्टेंबरात दर आठवड्याला गेल्याशिवाय ते कळणार नाही.

1986 पासून हे अभयारण्य आहे, 2020च्या जानेवारीत राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झालं. तरी ऑगस्ट-सप्टेंबरात काठावर कुणीच नसतं. सगळे डिसेंबरात हंस बघायला येतात. तुमच्यापैकी कुणी खानगाव थडीचा काठ धरणार असेल तर पाण्याची खूण आधी ठरवा आणि मला कळवा, दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघू.

पुढची फेरी 9 नोव्हेंबर. पट्टकदंब हंस उतरलेत का ते पाहायचंय, आणि पाचवी पायरीही.