लवकर वाळतो तो आपला

तान्ह्या बाळाला दिवसाला दहा-बारा लंगोट लागतात, हे मी वाचलं होतं. म्हणजे डोळ्यांखालून गेलं होतं. बाळ घरी आल्यावर तिसऱ्या रात्री अकरावा लंगोट बदलताना ते नीट समजलं. कपाटात तेव्हा चार-पाच जातींचे लंगोट होते. कुठले घ्यावेत हे शेवटपर्यंत ठरलं नव्हतं, म्हणून प्रत्येक जातीचे थोडे थोडे घेऊन ठेवले होते. आमच्यासारख्या गोंधळलेल्या गिऱ्हाइकांवर बरेच धंदे चालत असावेत.

सगळ्यात साधा म्हणजे चौकोनी, एकपदरी सुती कपडा. त्रिकोणात दुमडायचा, बाळाखाली सरकवायचा, दोन टोकं बाजूंनी आणि एक पायांमधून वर आणून गाठ मारायची. माझी पहिली गाठ बघून आई म्हणाली, "अरे, लंगोट घालतोयस की गाठोडं बांधतोयस?" तिने तो सोडला, मधल्या भागाला दोन घड्या जास्त घातल्या आणि माझं स्पष्टीकरण संपायच्या आत बांधून मोकळी झाली. त्या कपड्याची सगळी अक्कल घडीत असते. मुलगा असेल तर जाडी पुढे हवी, मुलगी असेल तर मध्ये. बाळ वाढलं की घडी बदलते, कपडा तोच राहतो. ज्यांना घड्या जमत नाहीत त्यांच्यासाठी मधे आधीच जाड शिवलेले लंगोटही मिळतात. मी त्यांचा आभारी आहे.

पण सुती कापड फक्त शोषतं. ते भरलं की ओल दुपट्यावर, तिथून चादरीवर, आणि बाळ मांडीवर असेल तर आपल्यावर. लंगोटाची खरी कामं दोन, शोषणं आणि थोपवणं, आणि एकच कापड दोन्ही नीट करत नाही. मॅरियन डोनोव्हन या अमेरिकन बाईने १९४६ च्या सुमारास न्हाणीघराचा पडदा कापून, शिवून लंगोटावरचं कव्हर बनवलं, ते ओल्या चादरी बदलून कंटाळल्यामुळेच. पुढे तिने त्याला पिनांऐवजी टिचबटणं लावली. १९५१ मध्ये तिला पेटंट मिळालं. रात्री तीनला चादर ओढून काढताना ही बाई मला फार जवळची वाटते. आजची कव्हरं पॉलिस्टरच्या कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर चढवून करतात. आतला लंगोट बदलायचा, कव्हर पुसून पुन्हा वापरायचं. शी लागली तर मात्र तेही बादलीत.

त्यापुढची पायरी पॉकेटवाल्यांची. बाहेरून कव्हर, आतून मऊ अस्तर, मधे पिशवी, आणि तिच्यात शोषणारी पट्टी सरकवायची. तिला इन्सर्ट म्हणतात. धुण्याआधी तो इन्सर्ट बाहेर काढावा लागतो, आणि ते काम नेमकं आपल्याच वाट्याला येतं. सगळ्यात वरची जात म्हणजे सगळं एकत्र शिवलेला लंगोट. घातला, बटणं दाबली, झालं. पाहुण्यांनाही घालता येतो. मला वाटलं, आपला शोध संपला.

पहिल्या धुण्यानंतर तो दोरीवर गेला आणि तिथेच राहिला. बाहेरून कोरडा, आत मधोमध गार. पाणी आत शिरायला इतके पदर, तर बाहेर पडायलाही तितकेच, शिवाय एका बाजूला वाट बंद. चौकोनी कपडा तोवर दोनदा वाळून, वापरून पुन्हा बादलीत पोचला होता. घालायला जितका सोपा, वाळायला तितका अवघड, असा हा सरळ हिशेब आहे.

इन्सर्टांची परीक्षा मी ताटात घेतली. एकेकावर पेलाभर पाणी ओतलं. मायक्रोफायबरने ते घटाघटा पिऊन टाकलं, आणि वरून तळहाताने दाबल्याबरोबर निम्मं परत दिलं. बाळ त्यावर बसणार असतं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसावं. शिवाय तो थेट अंगाला लावायचा नसतो, त्वचेचाही ओलावा ओढून घेतो. बांबूचा, म्हणजे बांबूच्या लगद्यापासून केलेल्या व्हिस्कोसचा, बेताने प्यायला पण धरून बसला. हेंपच्या, म्हणजे भांगेच्या जातीच्या रोपाच्या धाग्याच्या, कोऱ्या पट्टीवर पाण्याचे थेंब कमळाच्या पानावरच्यासारखे फिरत राहिले. मी ती वाया गेली म्हणून बाजूला टाकली. मग कळलं की कोऱ्या सुती आणि हेंपच्या धाग्यात नैसर्गिक तेल असतं, ते पाच-सात धुण्यांत जातं आणि त्यानंतर कुठे कापड शोषायला लागतं. जुनं, धुऊन धुऊन विटलेलं सुती कापड बाळासाठी चांगलं, असं आई म्हणायची. मी तो काटकसरीचा भाग समजत होतो.

उलटही होतं. कपडे मऊ राहावेत म्हणून शेवटच्या पाण्यात जे द्रव घालतात, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि लंगोट शोषेनासा होतो. मी ते आठवडाभर प्रेमाने घालत होतो. लंगोट मात्र फार सुवासिक झाले होते.

बटणं की वेल्क्रो, यावर घरात दोन पक्ष आहेत. वेल्क्रो पोटाला हवा तसा बसतो, पण धुताना उघडा राहिला तर सगळ्या कपड्यांची साखळी करून बाहेर येतो. बाळाला तो उघडायचा आवाजही आवडतो, असं कळतं. आमचं अजून तिथवर पोचलेलं नाही. मी टिचबटणांचा.

हे सगळं पर्यावरणासाठी, असंही मी सुरुवातीला लोकांना सांगायचो. ब्रिटनमध्ये २००८ साली कापडी लंगोट आणि वापरून फेकायचे डायपर यांची तुलना करणारा सरकारी अभ्यास झाला होता. त्याचाही रोख धुण्यावर होता. फार गरम पाण्यात धुऊन यंत्रात वाळवले तर कापडाचा फायदा उरत नाही. मशीन पूर्ण भरून लावलं, बाहेर दोरीवर वाळवले आणि तेच पुढच्या बाळालाही वापरले, तर चांगलाच उरतो. पुढच्या बाळाचा मुद्दा मी बायकोसमोर काढला. ती इन्सर्ट बाहेर काढत होती. तिने वर बघितलं नाही.

काल दिवसभर ढग होते. रात्री तीनला अंधारात दोरी चाचपली. एकत्र शिवलेले गार, पॉकेटची कव्हरं कोरडी पण इन्सर्ट दमट, आणि टोकाला चौकोनी कपड्यांची रांग, खडखडीत. एक ओढला, त्रिकोण केला, मधे दोन घड्या जास्त घातल्या, पाय मारून होईपर्यंत थांबलो आणि गाठ मारली. चांगली बसली होती.

सकाळी आईने बाळाला उचललं, गाठीकडे क्षणभर पाहिलं आणि काही न बोलता सोडून परत बांधली.