ग्लोव्ह्ज अपडेट: डावा हात पास, उजव्याने घाम फोडला

मंडळी, मागच्या वेळी स्पिअरफिशिंगसाठी (पाण्याखाली भाला सोडणाऱ्या गनने मासे मारणं) नायट्राइल डिपवाल्या, म्हणजे तळव्याला नायट्राइल रबराचा थर असलेल्या कामाच्या ग्लोव्ह्जचं इतकं कौतुक केलं होतं, त्यातलं अर्धं आज मागे घेतोय.

शनिवारी न्यूझीलंडच्या टुटुकाकाला होतो. आठ-नऊ मीटर खोलीवर केल्पच्या (मोठ्या समुद्री शेवाळाच्या) कडेला पडून राहिलो होतो, तीनेक किलोचा स्नॅपर मासा सरळ अंगावर येत होता, बोट ट्रिगरकडे नेलं आणि ग्लोव्हच्या तर्जनीचं टोक, जे भिजून नखाच्या पुढे सेंटीमीटरभर लोंबत होतं, ते ट्रिगर आणि गार्डच्या मध्ये अडकलं. बोट ना आत जाईना ना बाहेर येईना. मासा गेला त्याचं काही नाही, पण लोड केलेली गन, अर्धा दाबलेला ट्रिगर आणि बडी (सोबतचा डायव्हर) वर नक्की कुठे आहे ते दिसत नाही, काळजात धस्स झालं. मझल (गनचं तोंड) सगळ्यांपासून लांब धरून वर आलो, बडीला ओरडून बाजूला केलं, आधी भाला फेकणारे गनचे दोन्ही ताणलेले रबर उतरवले आणि मगच बोट सोडवलं.

कारण साधं आहे. आतलं विणलेलं अस्तर पाणी पिऊन सैल पडतं. दुकानात कोरड्या हाताला एल साइज बरोब्बर बसतो, अर्ध्या तासात तोच ढगळ. आता नायट्राइल कायम एक साइज लहान घेणार.

पण हातात होता एल, म्हणून तर्जनी पहिल्या पेरापर्यंत कापली. दुसऱ्या डाइव्हलाच विण उसवत उसवत पार खाली आली. मग लाइटर. धागा एचपीपीईचा, म्हणजे मजबूत पॉलिथिलीनचा आहे (डायनीमा नावाचा धागा त्याच जातीचा), तो वितळतो, तेव्हा कड आपोआप बंद होईल असं वाटलं. झाली बंद, पण कडेला टणक गाठी आल्या आणि बोटाचं सालपट निघालं. ग्लोव्ह्ज केव्हलर धाग्याचे असतील तर लाइटरच्या नादी लागूच नका, ते वितळतच नाही.

शेवटी जमलं ते असं: कापायच्या *आधी* गोंद. ग्लोव्हच्या बोटात प्लॅस्टिक पिशवी गुंडाळलेलं स्केचपेन घातलं म्हणजे आतून चिकटत नाही, पेरावर वेटसूट (डायव्हरचा रबरी सूट) दुरुस्तीच्या गोंदाचा बोटाभोवती पाचेक मिलिमीटरचा पट्टा दिला, विणीत चांगला दाबून मुरवला, रात्रभर वाळवला आणि सकाळी पट्ट्याच्या बरोबर मधून नव्या ब्लेडने कापलं. चार डाइव्ह झाले, एक धागा सुटलेला नाही!! आणि उघड्या बोटाला ट्रिगरचा तो पहिला हलका प्रेशर पुन्हा कळायला लागला, हा आनंद ज्यांनी जाड ग्लोव्हमध्ये दिवस काढलेत त्यांनाच कळेल.

आता गनचं हँडल. दोन रबरवर झटका बसला की गुळगुळीत प्लॅस्टिक तळव्यात फिरत होतं आणि शॉट वर जायचा. बॅडमिंटनची ग्रिप लावली, एका दिवसात फुगून सुटली. सायकलची ट्यूब कोरडी असताना झकास, पण माशाचा बुळबुळीतपणा लागला की साबण. सिलिकॉन टेप तर त्याहून वाईट. मग लक्षात आलं की मऊ-कडकचा प्रश्नच नाही, पाणी आणि बुळबुळ निघून जायला वाट हवी, टायरला खाचा असतात तशी. दोन मिलिमीटरची नायलॉन दोरी सेंटीमीटरभर अंतर सोडून गुंडाळली आणि वरून मासेमारीच्या रॉडच्या मुठीला लावतात ती खरखरीत हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवली. ट्रिगरचा सगळा भाग आधी काढून ठेवा आणि हीट गन लांबून फिरवा, हँडल प्लॅस्टिकचं आहे. काल मुद्दाम काहवाई माशाच्या चिकटाने माखलेल्या हाताने धरून पाहिलं, हललं नाही.

किनाबद्दल (इथलं काटेरी सी अर्चिन) विचारणाऱ्यांसाठी: ग्लोव्हवर ईएन ३८८ (ग्लोव्ह्जचं युरोपियन मानक) च्या खाली ४एक्स४३डी असं काहीतरी छापलेलं असतं, त्यातला चौथ्या जागचा (एक्स धरून) आकडा टोचण्याचा आणि शेवटचं अक्षर कापण्याचं, ए ते एफ. सगळे डी बघून खुश होतात, चौथा आकडा कोणी बघत नाही. आणि ती टोचणी चाचणीही जाड टोकाची असते, सुईसारख्या काट्याची नाही, त्यामुळे लांब काट्यांच्या काळ्या सी अर्चिनला कुठलाच ग्लोव्ह पुरत नाही, हात टेकायच्या आधी बघणे हाच उपाय. रत्नागिरीला लहानपणी कालवं काढताना हात कापायचे ते परवडलं, हा काटा आत मोडतो.

हिवाळ्याचं राहिलं. पाणी १५ अंशांवर येईल आणि नायट्राइल हात गार पाडतं. आत घालायला दीड मिलिमीटरचे निओप्रीन (वेटसूटचं फुगीर रबर) लायनर मागवणार होतो, एका ऑनलाइन दुकानाने आधीच दोनदा चुकीची साइज पाठवलीय. पण थांबा, हे लिहिताना डोक्यात आलं: माझ्या जुन्या तीन मिलिमीटरच्या निओप्रीन ग्लोव्ह्जचे तळवे फाटलेत, पाठ मात्र धडधाकट आहे. ती पाठ कापून नव्या एम साइजच्या नायट्राइलच्या पाठीवर त्याच गोंदाने चिकटवली तर? तळव्याला पकड, वरून ऊब आणि आत जाडी वाढतच नाही. लायनरची ऑर्डर कॅन्सल. बुधवारी सुट्टी आहे, आधी डाव्या हातावर करून बघतो, ट्रिगरचा हात सध्या आहे तसाच.