वाट सांगणारे

गोव्यात कुणालाही पत्ता विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "हांगाच गो!" म्हणजे इथंच. हे 'हांगाच' पुढच्या वळणावर असू शकतं, नाहीतर दोन वाडे आणि एक खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन) ओलांडून पलीकडेही. मग तपशील येतो. नीट वच, खुरीस (रस्त्याकडेचा क्रूस) मेळटलो, थंय दावें घे, मागीर एक व्हड आंब्याचें झाड आशिल्लें... म्हणजे आता ते नाही, गेल्या पावसात पडलं. सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र ते अजून उभं असतं, आणि ते नसलेलं झाड बरोबर ओळखून आपण वळायचं असतं.

मला हे रोजचंच आहे. मी फिजिओथेरपिस्ट, लोकांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. माझे बहुतेक पेशंट म्हातारे. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाचा अर्धांगातून सावरणारा हात. मुलं लिस्बनला, स्विंडनला, दुबईला. तिकडून ती पत्ता पाठवतात: घर क्रमांक, वाडा, गाव, आणि सोबत मोबाइलवरचं ठिकाण. घराचे क्रमांक एकापुढे एक येतीलच असं नाही. मोबाइल कपेलाच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, मागच्या भिंतीशी नेऊन सांगतो की तुम्ही पोहोचलात. दिवाडी बेटावर जायचं असेल तर तो फेरीबोटीच्या धक्क्यावर आणून सोडतो, आणि बोट नेमकी पलीकडच्या काठाला असते. शेवटी स्कूटर उभी करून माणसाला विचारणं आलंच. चहाच्या गाड्यावरचा, मासे विकणारी, नारळाच्या सावलीत पत्ते खेळणारे, पाव घेऊन सायकलवरून निघालेला पदेर, जो भेटेल तो.

मी मूळची नगरकडची, प्रोटेस्टंट घरातली. आमच्याकडे सकाळच्या कुटुंब प्रार्थनेत एक वाक्य चुकत नसे: "प्रभू, आज तूच आम्हाला मार्ग दाखव." वडील ते इतक्या सवयीने म्हणत की त्यांचे डोळे मिटलेले असले तरी एक हात चहाच्या कपाकडे सरकलेला असे. ते वाक्य माझ्याबरोबर गोव्यात आलं. इथं कॅथलिक शेजारणी प्रत्येक खुरसापाशी कपाळाला, छातीला हात लावून पुढे जातात. मी स्कूटरला किल्ली लावताना ते वाक्य म्हणते. माझ्या धंद्यात तर ती अगदी शब्दशः मागणी आहे.

पण देव मार्ग दाखवतो म्हणजे नेमकं काय करतो, याबद्दल आम्हा ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात एक गंमत आहे. आमच्या उपासनेत साक्ष देण्याची पद्धत आहे. लोक उभे राहून प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगतात. काही साक्षी ऐकून अंगावर काटा येतो. काही ऐकून मात्र मी बाकावर चुळबुळ करते. पणजीत अठरा जून रस्त्यावर ऐन बाजाराच्या वेळी गाडी लावायला जागा मिळाली, हा प्रभूचाच हात! मान्य. त्या रस्त्यावर जागा मिळणं चमत्काराहून कमी नाही हेही मान्य. पण मग तीच जागा शोधत जे गृहस्थ पलीकडून तिसरी फेरी मारत होते, त्यांच्याबद्दल प्रभूची काय योजना होती? सगळं शहर माझ्या सोयीने हलतंय अशा समजुतीत विश्वास थोडा आणि अहंकार जास्त असतो, असं मला वाटतं. हे मी मोठ्याने बोलत नाही. पाळकबाई माझ्याच बाकावर बसतात.

पवित्र शास्त्र मी वाचते तेव्हा हल्ली माझं लक्ष भलत्याच माणसांकडे जातं. शौलाचंच बघा. इस्राएलाचा पहिला राजा होणारा हा मुलगा घरातून निघाला तो बापाची हरवलेली गाढवं शोधायला. सोबत एक गडी. एफ्राइमाचा डोंगराळ मुलूख झाला, बन्यामिनाचा झाला, गाढवं नाहीत. शौल म्हणतो, चल परत, आता वडील गाढवं सोडून आपलीच काळजी करत बसतील. गडी म्हणतो, या गावात देवाचा एक माणूस आहे, त्याला विचारून बघू. गावाच्या चढावर त्यांना पाणी भरायला निघालेल्या मुली भेटतात. "द्रष्टा इथं आहे का?" एवढाच प्रश्न. आणि मुली काय उत्तर देतात! आहे ना, तुमच्या पुढेच गेलाय, लवकर जा, आजच आलाय, वरती यज्ञ आहे, तो गेल्याशिवाय लोक जेवत नाहीत, तो जेवायला वर जायच्या आत त्याला गाठा. हुबेहूब आमचा दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतला नाका. (शौल उंच आणि देखणा होता असं शास्त्रच सांगतं, तेव्हा उत्तर लांबण्याला तेही कारण असेल.) देवाने शमुवेलाला, म्हणजे त्या द्रष्ट्याला, हे सगळं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. शौलाला पत्ता नव्हता, त्याच्या डोक्यात गाढवं. मुलींना तर त्याहून नाही. त्या घागरी घेऊन पुढे गेल्या असतील. त्यांचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. गाढवं, जाता जाता सांगते, सापडली होती.

दुसरा माणूस उत्पत्तीच्या पुस्तकातला. याकोबाने आपल्या मुलाला, योसेफाला, हेब्रोनाहून भावांची खबर आणायला शखेमाला पाठवलं. तिथं भाऊ नाहीत. पोरगा रानात भटकत असताना एक माणूस त्याला विचारतो, काय शोधतोस? भाऊ शोधतोय. तेव्हा तो म्हणतो, ते इथून गेले, दोथानला जाऊ म्हणताना मी ऐकलं. बस्स, इतकाच हा माणूस. पुढे तो कुठेही येत नाही. आणि त्याने दाखवलेल्या वाटेने गेलेल्या योसेफाचं काय झालं? भावांनी झगा काढून विहिरीत टाकलं, मग व्यापाऱ्यांना विकलं, मग मिसर (इजिप्त), मग तुरुंग. तो माणूस भेटला नसता तर योसेफ हात हलवत घरी परतला असता आणि रात्री आपल्या अंथरुणावर झोपला असता. पण मग दुष्काळात त्याच घराला धान्य द्यायला मिसरात कुणी नसतं. पुष्कळ वर्षांनी योसेफ भावांना म्हणतो की तुम्ही माझं वाईट योजलंत, देवाने त्यातून चांगलं योजलं. हे म्हणताना त्याला तो रानातला माणूस आठवला असेल का, असं मला वाटत राहतं. माझ्या माहितीतल्या कुठल्याच साक्षीत असा माणूस येत नाही. "प्रभूने एका गृहस्थाला पाठवलं, त्यांनी अचूक पत्ता सांगितला आणि मी थेट विहिरीत पडलो," असं उपासनेत उभं राहून कोण सांगणार?

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांचा तर सगळा गोतावळाच एका अनोळखी माणसाचा ऋणी आहे. कवी नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावकडे निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या, धर्मावर झाल्या, आणि उतरण्याआधी त्याने टिळकांच्या हाती नवा करार दिला. टिळक वाचत गेले आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आज नगरपासून नागपूरपर्यंत आमची मंडळी त्यांची भजनं गाते.  आपण दिलेल्या पुस्तकाचं पुढे काय झालं हे त्या गृहस्थाला कळलं की नाही, कोण जाणे. त्याच्या हिशेबी तो एक प्रवास होता, बहुधा उकाड्याचा.

राय गावात माझे एक पेशंट आहेत, त्यांच्याकडून परतताना कधी कधी मी वाट वाकडी करून राचोलच्या सेमिनरीवरून येते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि सासष्टीत राहून त्याने मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं. दहा हजारांवर ओव्या. १६१६ साली ते राचोलला छापलं गेलं. त्याची सुरुवात कशी झाली, तर नुकत्याच ख्रिस्ती झालेल्यांपैकी कुणीतरी पाद्रीला विचारलं: आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आता वाचायचं काय? जुनं कसं काढून घेतलं गेलं तो इतिहास सुखाचा नाही, आणि तो प्रश्नही काही आर्जवाने विचारला असेल असं मला वाटत नाही. त्यात तक्रारच असणार. पण चारशे वर्षांपूर्वी एका वैतागलेल्या माणसाने ती केली म्हणून गोव्यात येशूची कथा माझ्या भाषेत, ओवीत बसली. नगरची मी इथं नवखी होते तेव्हा हे कळलं आणि उगाच हक्काचं वाटायला लागलं.

हे मोठ्या लोकांचं झालं. माझ्या वाट्याला आला एक पदेर. कर्नाटकातून आलेला पोरगा, सायकलच्या मागे टोपली, वर निळं प्लॅस्टिक, हातात पोंय पोंय वाजणारा भोंगा. लोटलीत एका नव्या पेशंटचं घर सापडत नव्हतं म्हणून मी त्याला थांबवलं. त्याने अर्ध्या हिंदीत, अर्ध्या कोंकणीत रस्ता सांगितला, आणि वर म्हणाला, "मॅडम, उसके बाजूवाले घर में जरा देखना. आंटीने थैली नहीं लगाया." इथं लोक पावासाठी गेटला पिशवी अडकवून ठेवतात. त्या गेटला कालपासून पिशवी नव्हती.

मी आपलं पेशंटचं काम उरकलं आणि शेजारच्या घरी हाक मारली. बऱ्याच वेळाने आतून 'कोण गो?' आलं. आंटीला नुसता ताप होता. पण एकटी, पेजेलाही उठलेली नाही, आणि मुलीला कळवलं तर ती तिकडे घाबरेल म्हणून फोनही केलेला नाही. मी पेज टाकली, शेजारच्यांना सांगितलं, मुलीला फोन लावून दिला. यात मोठं काहीच नाही, कुणीही केलं असतं. आंटी मात्र ठाम होती. आदल्या रात्री तिने सांत आंतोनीला सांगितलं होतं, आणि त्यानेच मला धाडलं. "देव बरें करूं" हे आभार मला मिळाले, मेणबत्ती सांत आंतोनीला लागली.

पुढच्या आठवड्यात पदेर भेटला. मी म्हटलं, बाबा, बरं झालं तू सांगितलंस, तुला कसं सुचलं? तो जरा लाजला. म्हणाला, "मॅडम, महिना पूरा हो गया था. पैसा लेना था."

तेव्हापासून साक्षी ऐकताना माझी चुळबुळ जरा कमी झाली आहे. आंटीची साक्ष खोटी नव्हती. ती मनापासून मागत होती आणि तिच्या दारात कुणीतरी आलं, एवढं खरं. त्यात सांत आंतोनीचा वाटा किती हा आम्हा प्रोटेस्टंटांचा आणि कॅथलिकांचा जुना वाद आहे, तो लोटलीत सोडवायला मी गेले नव्हते. पण तिच्या घरापर्यंत वाट आली ती पावाच्या उधारीवरून, आणि माझ्या पेशंटच्या लेकाने मोबाइलवर चुकीचं ठिकाण पाठवलं त्यावरून. दोघांपैकी कुणालाही आंटीची पडलेली नव्हती. देव अशा माणसांकडून काम करून घेत असेल, तर मग सकाळच्या प्रार्थनेत मी फक्त वाट विचारणारीच का असावं? मीसुद्धा दिवसभर लोकांना काय काय सांगत असते. बसस्टॉपवर, औषधाच्या दुकानात, फोनवर, पेशंटचा पाय उचलताना. त्यातलं कुठलं वाक्य कुणाला कुठे घेऊन गेलं, मला काय ठाऊक. ते दोथानला गेले, एवढंच सांगणारा तो माणूस मीही कधी झाले असेन. हा विचार आला की थोडा धीर येतो आणि थोडी धडकीही भरते, कारण दोथानच्या वाटेवर काय झालं ते मी वाचलेलं आहे.

परवाच जुन्या गोव्याच्या रस्त्यावर एक गाडी माझ्या शेजारी थांबली. काळ्या पाटीवर पिवळे आकडे, म्हणजे भाड्याची. आत कोल्हापूरकडचं कुटुंब, मागे दोन पोरं उलट्या तोंडाने बसलेली. बाईंनी काच खाली करून हिंदीत विचारलं, दिवाडीची बोट कुठून मिळते? मी मराठीत सांगितलं तशा त्या एकदम खुलल्या, "अगं बाई, तुम्ही आपल्याच!" मग मी अगदी इथल्यासारखं सविस्तर सांगितलं. सरळ जा, पुढे एक खुरीस लागेल, तिथून खाली नदीकडे उतरा, गाडी रांगेत लावा, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही पण गाडीला आहे, घाई करू नका, बोट येतेच. त्यांनी दोनदा आभार मानले, साहेबांनीही स्टिअरिंगवरून हात जोडले. गाडी सरळ गेली, खुरसापाशी थांबली, काच पुन्हा खाली झाली आणि त्यांनी तिथल्या नारळवाल्याला विचारलं.