घसारा

आमच्या जुन्या गाडीच्या डाव्या दरवाजावर वीतभर ओरखडा आहे. तो मुलीच्या सायकलचा. मागच्या बंपरवरचा पोचा माझा. खांब आधीपासून तिथेच होता. गेल्या रविवारी मी पट्टी घेऊन हे सगळं मोजत बसलो होतो. नवी गाडी लीजवर, म्हणजे काही वर्षांसाठी भाड्याने, घ्यायची होती; तिच्या कागदपत्रांत एक अख्खं पान होतं, गाडी परत करताना 'सामान्य झीज' कशाला म्हणायचं आणि 'नुकसान' कशाला, तेही सेंटिमीटरमध्ये. त्या हिशेबाने आमची जुनी गाडी म्हणजे चालतंफिरतं नुकसान निघालं.

सुरुवात साधी होती. छोटी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची, एवढंच ठरलं होतं. मुलीने तक्ता करून दिला आणि चाळून चाळून दोन उरल्या: फियाट ५००ई आणि रेनॉ ५. फियाटची मोठी बॅटरी ४२ किलोवॅट-तासांची, म्हणजे वीजबिलातली ४२ युनिटं; रेनॉची ५२. फियाट एका चार्जमध्ये सुमारे ३२० किलोमीटर जाते म्हणतात, रेनॉ चारशेच्या आसपास. कागदावर निकाल लागला होता. पण फियाट दिसते इतकी गोड, की तक्त्यात 'गोडवा' असा एक रकाना वाढवावा असं वाटून गेलं.

मग प्रत्यक्ष बघायला गेलो. फियाटला मागे दरवाजे नाहीत. पुढची सीट वाकवायची आणि फटीतून आत शिरायचं. शिरलो. बाहेर पडताना मात्र आधी पाय काढावा की डोकं, याचा निर्णय होईना.

"बाबा, तू मागे कधी बसणार आहेस?" मुलगी म्हणाली.

मुद्दा बिनतोड होता. पण गुडघ्यांना मुद्दे कळत नाहीत.

किलोमीटरच्या आकड्यांवरचा माझा विश्वास तर आधीच उडाला होता. २०१० च्या अखेरीस निसानची लीफ आली, २४ किलोवॅट-तासांची बॅटरी घेऊन. जपानच्या चाचणीत ती २०० किलोमीटर गेली, युरोपच्या चाचणीत १७५ आणि अमेरिकेच्या चाचणीत ११७. गाडी तीच, बॅटरी तीच. परीक्षक फक्त वेगळे. एकाच उत्तरपत्रिकेला एकाने डिस्टिंक्शन द्यावं आणि दुसऱ्याने काठावर पास करावं, तसं. आता चाचण्या बऱ्याच कडक झाल्यात, तरी थंडीत हीटर लावला किंवा हायवेवर जोरात गाडी हाणली, की छापील आकडा खाली येतोच.

म्हणून मी उलटीकडून सुरुवात केली. गाडी किती जाते ते राहू दे, आपण किती जातो? महिनाभर रोज रात्री वहीत लिहिलं. २२. १८. ०. ३१. १९. ०. मी स्वतःला बऱ्यापैकी फिरता माणूस समजत होतो. वहीत एक घरकोंबडा निघाला. एका शनिवारी तेवढे २६०, आणि तेही दुसऱ्याच्या लग्नासाठी. गाडी निवडताना मात्र डोक्यात सगळा वेळ तो शनिवारच.

लीजचा विषय निघाला तो घसाऱ्यामुळे. हिशेबातला हा शब्द मला फार आवडतो. उच्चारतानाच काहीतरी झिजल्यासारखं वाटतं. इलेक्ट्रिक गाड्यांत दर वर्षी नवी बॅटरी, नवं चार्जिंग येतं आणि जुन्या गाडीचा भाव पडतो. बॅटरीला साधारण आठ वर्षांची वॉरंटी देतात, पण ती बॅटरीला. गाडीच्या भावाला नाही. लीज घेतली, की ही काळजी कंपनीची. तीन वर्षं हप्ते भरायचे, किल्ली टेकवायची आणि मोकळं व्हायचं. डोक्याला पटतं. मनाला मात्र वाटतं, इतके हप्ते भरून शेवटी हातात काय, तर पावती.

त्यात मला ईव्ही१ आठवली. जनरल मोटर्सने ही इलेक्ट्रिक गाडी १९९६ साली आणली, पण विकली नाही. फक्त लीजवर दिली. पुढे कंपनीने या गाडीचा गाशा गुंडाळला आणि दिलेल्या गाड्या परत मागवल्या. पैसे घ्या पण गाडी राहू द्या, असं लोक विनवत होते. बहुतेक गाड्या चिरडल्या गेल्या, थोड्या संग्रहालयांत गेल्या. हे मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "तुला गाडीवर प्रेम करायचंय की ती चालवायचीय?"

शेवटी रेनॉच ठरली, लीजवर, तीन वर्षांसाठी. वर्षाला किती किलोमीटर चालवणार, या रकान्यात दहा हजार लिहिले. वहीच्या हिशेबाने तेवढेही जास्त होते, पण घरकोंबड्यालाही थोडी ऐट असते.

सही करून घरी आलो. संध्याकाळी मुलगी सायकल घेऊन आली आणि नेहमीसारखी जुन्या गाडीला खेटून लावू लागली.

"जरा लांब लाव," मी ओरडलो.

नवी गाडी यायला अजून सहा आठवडे होते.