पोटात बाळ, मग डोळे कशाला तपासायचे?

'तुला दिवस गेले तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडे का पाठवलं होतं गं?' आमच्या मावशीपासून ऑफिसातल्या नव्या मुलीपर्यंत कितीजणींनी मला हे विचारलंय. आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

मला १४ व्या वर्षापासून टाइप १ डायबेटिस आहे. ३२ व्या वर्षी दिवस राहिले आणि पहिल्याच भेटीत डॉक्टरबाईंनी डोळ्याचा पडदा तपासून यायला सांगितलं. बाहुली मोठी करणारे थेंब घातले, फोटो काढला, स्क्रीनवर दाखवला. नारिंगी गोल, त्यावर लाल बारीक फांद्या आणि मध्ये टाचणीच्या टोकाएवढे तीन-चार ठिपके. केशवाहिन्यांच्या भिंतींना आलेले ते फुगवटे होते. चिरफाड न करता शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या इतक्या स्वच्छ इथेच दिसतात. डोळ्यात हे, तर मूत्रपिंडात काय, म्हणून लघवीतली प्रथिनंही लगेच तपासली.

रक्तवाहिनीला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं. ते नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, त्यामुळे वाहिनी सैल पडते. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की हे काम मंदावतं, भिंत ताठरते. आणि गरोदरपणात तर वाहिन्यांनी सैल व्हायचं असतं! अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. वारेच्या (प्लासेंटाच्या) पेशी गर्भाशयाच्या नागमोडी धमन्यांमध्ये शिरून त्यांना रुंद करतात. साधारण २० आठवड्यांपर्यंत हे चालतं. ते अर्धवट राहिलं तर बाळाला रक्त कमी पोचतं आणि पुढे आईचा बीपी १४०/९० च्या वर जाऊ शकतो. त्याबरोबर लघवीत प्रथिनं जाऊ लागली किंवा दुसऱ्या एखाद्या अवयवावर ताण आला, तर त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. आधीपासून डायबेटिस असलेल्या बाईला त्याचा धोका बराच जास्त, म्हणून मला १२ व्या आठवड्यानंतर रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू केली. (ती आपल्या मनाने घ्यायची नाही.)

बॉस्टनच्या डॉ. प्रिसिला व्हाइट यांनी १९४९ मध्ये मधुमेही गरोदर बायकांचे वर्ग पाडले, तेव्हा मधुमेह किती जुना आणि रक्तवाहिन्यांचं काय झालंय, हे पाहिलं होतं. मला ते फार योग्य वाटतं. आपण घरात नुसते साखरेचे आकडे विचारत बसतो.

एक गोष्ट मात्र मला कुणी आधी सांगितली नव्हती. पहिल्या तीन महिन्यांत मी जिवाचं रान करून साखर खाली आणली आणि पाचव्या महिन्यात ठिपके वाढलेले निघाले. मी तिथेच रडले. साखर झपाट्याने उतरली की पडदा काही काळ बिघडू शकतो, हे तेव्हा कळलं. म्हणून मूल हवं असेल तर ही तयारी आधीच, सावकाश करावी. गरज पडली तर गरोदरपणातही पडद्यावर लेझरचे उपचार करता येतात. मला ते लागले नाहीत.

ज्यांना साखर गरोदरपणातच पहिल्यांदा निघते, त्यांचे डोळे सहसा तपासत नाहीत, कारण वाहिन्यांनी वर्षानुवर्षं काही सोसलेलं नसतं. पण त्यांना पुढे डायबेटिस आणि हृदयविकाराचा धोका जास्त असतो. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची तपासणी त्यासाठीच असते. माझ्या जावेची ती बाळाच्या गडबडीत राहूनच गेली होती. मी मागे लागून करून घेतली.

माझे डोळे लेक वर्षाची होईपर्यंत तपासत होते. शेवटच्या फोटोत ठिपके पुन्हा तीन-चारच होते.